एका गिटारीचा जीर्णोद्धार

उन्हाळ्याच्या तोंडाशी आपण ज्या मंडपात व्याख्याने ऐकावयास जमतो, तेथे एक आगंतुक वक्ता कधी ना कधी हजेरी लावून जातो. ध्वनिक्षेपक जरा कर्ण्याच्या तोंडासमोर आला, की कानठळ्या बसविणारी शिटी घुमू लागते. मुले हसतात, वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात, आणि ध्वनिक्षेपकवाला धावत येतो. ह्या शिटीचे मर्म अगदी साधे आहे. कर्ण्यातून बाहेर पडलेला आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरतो, यंत्र तो वाढवून कर्ण्याकडे धाडते, कर्णा तो परत ध्वनिक्षेपकाच्या कानांत ओततो, आणि हे रहाटगाडगे क्षणभरात इतका वेग घेते, की वक्त्याचे शब्द राहतात बाजूला व यंत्राचाच टाहो तेवढा ऐकू येतो.

आज ज्या वाद्याचा इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे, ते ह्या शिटीशी झालेल्या झगड्यातून जन्मास आले. अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९५८ साली बाजारात आणलेली 'ईएस-३३५' ही विजेची गिटार ते वाद्य होय. ती अर्धी पोकळ आहे आणि अर्धी भरीव. पुढे तिचे रूप पालटत गेले, आणि १९८१ पासून तीच गिटार 'जुन्या धर्तीवर नवी' अशी पुन्हा घडविली जाऊ लागली. ह्या नव्या-जुन्या गिटारीवर जगभरचे वादक आणि हौशी लोक जीव टाकतात. तिच्या पडद्यांवरच्या ठिपक्यांपासून खुंट्यांच्या रंगापर्यंत प्रत्येक बारकाव्यावर ते तासन् तास वाद घालतात.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, की ह्या परक्या वाद्याचे आम्हांला काय? परंतु प्रश्न केवळ गिटारीचा नाही. जुनी, चांगली, नाहीशी झालेली वस्तू पुन्हा घडविता येते काय, आणि घडविलीच तर नेमके काय परत येते, हा तो प्रश्न आहे. ज्या समाजाला आपल्या गतकाळाविषयी प्रेम आहे, त्या प्रत्येक समाजाने तो स्वतःला विचारावयास हवा.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. मिशिगन राज्यातील कॅलामझू ह्या गावी ऑर्व्हिल गिब्सन नावाचा एक कारागीर मँडोलिन व गिटार बनवीत असे. त्याच्या नावाने १९०२ साली कंपनी निघाली. १९२२ मध्ये ह्या कंपनीने व्हायोलिनप्रमाणे तबलीला दोन नागमोडी छिद्रे असलेली गिटार काढली. तिचा आवाज मोठा होता, पण काळ त्याहून मोठ्या आवाजाचा आला. नृत्यगृहांतून ट्रंपेट आणि सॅक्सोफोन ह्यांचे ताफे गर्जू लागले, आणि गिटार वाजविणारा मात्र ताफ्यात बसून केवळ हात हलवितो आहे असे वाटू लागले.

मदतीला वीज धावून आली. १९३२ च्या सुमारास रिकनबॅकरची विजेवरची हवाईयन गिटार बाजारात आली. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी फिरवून वाजवावयाची ही गिटार आपल्या चित्रपटसंगीतानेही पुढे आपलीशी केली. उभी धरून बोटांनी पडदे दाबावयाच्या गिटारीला तिकडे 'स्पॅनिश' म्हणत. म्हणून गिब्सनने १९३६ साली अशा गिटारीला विजेची जोड दिली, तेव्हा तिचे नाव 'इलेक्ट्रिक स्पॅनिश', म्हणजेच 'ईएस', असे पडले. ३३५ च्या आधीची ती दोन अक्षरे ह्या जुन्या भेदाची खूण आहेत. चार्ली ख्रिश्चन ह्या तरुण कृष्णवर्णीय वादकाने १९३९ मध्ये बेनी गुडमन ह्यांच्या जाझ ताफ्यात ही गिटार वाजवून दाखविली, आणि इतर वाद्यांच्या मागे बसणारे हे वाद्य एकदम पुढच्या रांगेत येऊन बसले. १९४२ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो वारला. परंतु विजेची गिटार त्याने प्रतिष्ठित करून ठेवली होती.

येथेच आपली शिटी उपस्थित होते. पोकळ गिटार म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखीच नादाची कोठी. तार छेडली की तबली थरथरते, आतली हवा घुमते, आणि सूर भरदार होतो. परंतु विजेच्या कर्ण्यासमोर हाच गुण दोष ठरतो. कर्ण्याचा आवाज पोकळीत शिरतो, तबलीला हालवितो, तारा आपोआप कंपू लागतात, त्यांची कंपने पिकअप पुन्हा कर्ण्याकडे पाठवितो, आणि गिटार रेकू लागते. आवाज जितका मोठा, तितकी ही ओढ बळकट. वादकाने यंत्राची कळ थोडी अधिक पिळली, की वाद्य हातातून गेलेच म्हणून समजा.

ह्यावर एक सरळ उपाय होता. पोकळीच काढून टाकावयाची! लेस पॉल नावाच्या हरहुन्नरी वादकाने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एपिफोन कंपनीच्या कारखान्यात सुटीच्या दिवशी बसून पाइनच्या चार इंची चौकोनी तुळईवर तारा आणि पिकअप बसविले. ह्या वाद्याला तो 'लॉग', म्हणजे ओंडका, असे म्हणे. ओंडका शिटी मारीत नव्हता आणि त्याचा सूर दीर्घकाळ टिकत होता. परंतु प्रेक्षकांना तो रुचेना, असे पॉल सांगत असे. मग त्याने एक पोकळ गिटार उभी चिरली आणि तिची दोन अर्धुके ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखी जोडली. आवाजात फारसा फरक पडला नव्हता, पण श्रोते खूष झाले. वाद्य कानांनी ऐकावयाचे असले, तरी डोळेही आपला कर वसूल करतातच! ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्याला उपयोगी पडणार आहे.

गिब्सनने हा ओंडका प्रथम हसण्यावारी नेला. परंतु १९५० साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर ह्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली आणि ती खपू लागली, तेव्हा गिब्सनचेही डोळे उघडले. १९५२ मध्ये त्यांनी स्वतःची भरीव गिटार काढली, आणि तिला नाव दिले लेस पॉलचेच! अशा रीतीने दोन पंथ तयार झाले. एकीकडे पोकळ गिटार, म्हणजे सुरात ऊब, पण मोठ्या आवाजात बेभरवशाची. दुसरीकडे भरीव गिटार, म्हणजे सूर लांब आणि खणखणीत, परंतु पोकळीतून येणारा मोकळेपणा गेलेला.

ह्या दोहोंमधून वाट काढली ती टेड मॅकार्टी ह्यांनी. १९५० पासून १९६६ पर्यंत ते गिब्सनचे अध्यक्ष होते. शिक्षणाने ते अभियंते, आणि गंमत अशी, की स्वतः ते गिटार वाजवीत नसत. १९५८ साली त्यांच्या कारखान्याने जी ३३५ घडविली, तिची रचना ऐकण्यासारखी आहे. मेपलच्या पातळ थरांची, कमानदार तबली आणि तशीच पाठ. जुन्या पोकळ गिटारींची जाडी तीन इंचांहून अधिक असे, हिची अवघी पावणेदोन इंचांच्या आसपास. आत मधोमध, दांडीपासून शेवटापर्यंत, मेपलचा एक भरीव ठोकळा. घोडी, तारा अडकविण्याची पट्टी आणि दोन्ही पिकअप ह्या ठोकळ्याच्या आधारावर बसविलेले. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पोकळ पंख, आणि त्यांवर ती जुनी नागमोडी छिद्रे. ठोकळ्यामुळे तबली कर्ण्याच्या हाकेला सहजासहजी ओ देत नाही, आणि पंखांमुळे सुराला थोडा वारा लागतो. लेस पॉलच्या ओंडक्याला पंख होते ते मुख्यतः डोळ्यांसाठी, येथे मात्र ते कानांच्याही सेवेला रुजू झाले.

तिला आणखी एका शोधाची साथ मिळाली. विजेच्या दिव्यांची व तारांची एक अखंड गुणगुण जुन्या पिकअपमध्ये शिरत असे. गिब्सनचे सेठ लव्हर ह्यांनी एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी-शेजारी अशा रीतीने जोडली, की बाहेरची गुणगुण परस्परांत विरून जावी आणि तारेचा सूर मात्र दुणावावा. १९५५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, ते मिळाले १९५९ मध्ये. मधल्या काळात आणि त्यानंतरही काही वर्षे ह्या पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी लागत असे. आज त्या चिठ्ठीचा पिकअप रत्नासारखा जपला जातो. वस्तुतः तेव्हा वेढे मोजण्यात आजचा काटेकोरपणा नव्हता, त्यामुळे कोणत्याही दोन पिकअपचा आवाज तंतोतंत सारखा नसे. आजचे कारागीर मात्र ती तेव्हाची अनियमितता अत्यंत नियमितपणे उतरवू पाहतात! इतिहास असाही विनोद करतो.

पहिल्या वर्षी ह्या गिटारीची किंमत पावणेतीनशे डॉलरांच्या आत होती. ती ब्लूजवाल्यांनी उचलली, जाझवाल्यांनी उचलली आणि रॉकवाल्यांनीही उचलली. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात ॲल्व्हिन ली ह्याच्या हाती हीच होती. एरिक क्लॅप्टन ह्याने १९६४ मध्ये घेतलेली ३३५ तर त्याने जवळजवळ चाळीस वर्षे जवळ बाळगली.

मग उतार सुरू झाला. १९६५ च्या सुमारास तारा अडकविण्याची पट्टी ठोकळ्यावरून काढण्यात आली व तारांचा ताण गिटारीच्या टोकाशी बांधलेल्या झुल्यावर गेला. दांडी अरुंद झाली. १९६९ साली मूळ कंपनीच विकली गेली आणि पुढील दशकात रचनेत आणखी फेरफार झाले. एकेक फेरफार पाहिला तर क्षुल्लक. परंतु ज्या सूत्रावर गिटार उभी होती, म्हणजे तारांचा सारा भार मधल्या ठोकळ्याने घ्यावयाचा, ते सूत्रच सैल झाले. करणाऱ्यांना विसर पडला, पण वाजविणाऱ्यांना पडला नाही. पुष्कळ वादकांनी आपल्या गिटारीवरचा झुला काढून, तबलीला नवी भोके पाडून, जुनी पट्टी पुन्हा बसवून घेतली. जीर्णोद्धाराची सुरुवात अशी घराघरांतून झाली. कारखाना मागाहून आला.

कारखान्याला ह्याचा एक पूर्वानुभवही होता. लेस पॉल गिटारीचे जुने रूप गिब्सनने १९६१ च्या सुमारास बंद केले होते. तोच इंग्लंड-अमेरिकेतील तरुण वादकांनी जुन्या गिटारी शोधून शोधून वाजविल्या आणि मागणी एवढी वाढली, की १९६८ साली ते रूप पुन्हा काढावे लागले. ३३५ च्या बाबतीत हे १९८१ मध्ये घडले. पडद्यांवर पूर्वीसारखे साधे ठिपके आणि ठोकळ्यावर घट्ट बसलेली पट्टी घेऊन 'डॉट', म्हणजे ठिपका, ह्या नावाची ३३५ बाजारात आली. वादकांनी तिचे स्वागत केले, आणि ते स्वागत रास्त होते. ह्यात नुसता स्मृतींचा मोह नव्हता. काटकसरीने व दुर्लक्षाने गमावलेला एक खरा गुण परत मिळाला होता.

ह्याच सुमारास आणखी एक घटना घडली, ती मला अधिक बोलकी वाटते. ब्लूजचे थोर वादक बी. बी. किंग १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सातील ट्विस्ट ह्या गावी वाजवीत होते. दोन माणसांची मारामारी झाली, शेगडीचे पीप उलटले आणि नृत्यगृहाला आग लागली. किंग बाहेर पडले, पण गिटार आत राहिली म्हणून जीव धोक्यात घालून परत आत शिरले. मागाहून त्यांना कळले, की भांडण लुसिल नावाच्या बाईवरून झाले होते. पुन्हा असा वेडेपणा करावयाचा नाही, ह्याची आठवण म्हणून त्यांनी गिटारीचे नाव लुसिल ठेवले. ती गिटार पुढे राहिली नाही, परंतु तिच्यामागून आलेल्या प्रत्येक गिटारीला त्यांनी तेच नाव दिले. पुढे ३३५ च्या घराण्यातल्या गिटारीही लुसिल झाल्या. १९८० साली गिब्सनने त्यांच्यासाठी लुसिल नावाची खास गिटार काढली, तेव्हा तबलीवरची ती सुंदर नागमोडी छिद्रे बुजवून टाकली. कशासाठी? तर शिटी आणखी कमी व्हावी म्हणून! १९५८ च्या कारागिरांनी जो प्रश्न हाती घेतला होता, तोच प्रश्न बाविसाव्या वर्षी एक पाऊल पुढे नेला गेला. रूप मोडले, पण परंपरा चालली. परंपरेचा हाही एक प्रकार आहे, आणि तो आपण फार लवकर विसरतो.

आता ह्या इतिहासातील सर्वांत हृद्य भागाकडे येतो. १९७० च्या दशकात गिब्सनने दक्षिणेकडे नॅशव्हिल येथे नवा कारखाना काढला व हळूहळू काम तिकडे नेले. १९८४ साली कॅलामझूचा जुना कारखाना बंद झाला. पार्सन्स स्ट्रीटवरील ती वास्तू १९१७ सालची. ३३५ तेथेच जन्मली होती. वर्षानुवर्षे तेथे हात घासलेल्या कामगारांना नॅशव्हिलला जाता येत होते, पण काही जणांनी गाव सोडले नाही. जुन्या यंत्रांपैकी काही त्यांनी विकत घेतली, त्याच वास्तूचा काही भाग भाड्याने घेतला, आणि १९८५ साली 'हेरिटेज', म्हणजे वारसा, ह्या नावाची कंपनी काढून ते गिटारी बनवू लागले. अर्धी पोकळ, मधोमध ठोकळा असलेली गिटारही त्यांनी बनविली, पण तिला ३३५ म्हणता येत नव्हते. नाव नॅशव्हिलला गेले होते. १९८६ साली गिब्सनही नव्या मालकांकडे गेली आणि त्यांनी जुन्या धर्तीच्या गिटारी हिरिरीने काढल्या.

श्रोतेहो, ह्या दोन्ही गिटारी समोर ठेवा. एकीवर मूळचे नाव आहे, पण ती दुसऱ्या गावी, दुसऱ्या हातांनी बनलेली. दुसरीवर ते नाव नाही, परंतु वास्तू तीच, यंत्रे काही तीच आणि हातही तेच. ह्यांतील खरी वारस कोणती? कायद्याचे उत्तर सरळ आहे : ज्याचे नाव त्याचा वारसा. बाजारही बहुधा नावालाच पैसे मोजतो. परंतु इतिहासाचा अभ्यासक इतक्या झटपट निकाल देऊ शकत नाही. कारागिरी ही कागदावरच्या नकाशात थोडी असते आणि बोटांत पुष्कळ असते. दांडीचा उतार किती घासला म्हणजे पुरे, हे अंकांत सांगता आले, तरी कळते ते हाताला. कारखाना बंद होतो, तेव्हा नकाशे पेटीत भरून नेता येतात, बोटे मात्र घरी जातात. कॅलामझूच्या त्या थोड्या माणसांनी बोटे घरी जाऊ दिली नाहीत, हे मला त्यांचे मोठे कार्य वाटते.

ह्यानंतर उत्साहाला वेगळेच वळण लागले. २००४ साली क्लॅप्टनने व्यसनमुक्तीच्या आपल्या केंद्रासाठी गिटारींचा लिलाव केला, त्यात त्याची १९६४ ची ३३५ आठ लक्ष सत्तेचाळीस हजार पाचशे डॉलरांना गेली. पुढच्याच वर्षी तिच्या बरहुकूम नकला मर्यादित संख्येने निघाल्या. दुसऱ्या बाजूला, नवी गिटार मुद्दाम जुनी दिसावी म्हणून तिचा रंग घासावयाचा आणि धातू मळवावयाचा, ही पद्धत फेंडरने १९९५ मध्ये रूढ केली होती. गिब्सननेही २०२१ मध्ये ह्याच कामासाठी स्वतंत्र विभाग चालू केला. आता साठ वर्षांच्या वादनाने पडावे तसे तडे रोगणाला आठवड्याभरात पाडून मिळतात! लेस पॉलने म्हणजे खोटे सांगितले नव्हते. डोळे आपला कर वसूल करतातच.

शिवाय, कितीही पैसे मोजले तरी काही गोष्टी परत येत नाहीत. जुन्या ३३५ च्या दांडीवरची पडद्यांची पट्टी ब्राझीलच्या रोझवूडची असे. ते झाड तोडीने इतके दुर्मिळ झाले, की १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. त्याआधीच, १९६० च्या दशकापासून, गिटारकार हिंदी रोझवूडकडे वळले होते. हे हिंदी रोझवूड म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपल्या सह्याद्रीच्या रानात वाढणारा शिसव होय. ज्या शिसवाचे देव्हारे, झोपाळे आणि पलंग आपल्या जुन्या वाड्यांतून दिसतात, त्याच जातीच्या लाकडावर परदेशी वादकांची बोटे फिरत आली आहेत. २०१७ पासून ह्या साऱ्या कुळावरच व्यापाराचे निर्बंध आले, तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली. जुन्या वाद्याचे वेड शेवटी एखाद्या रानाच्या मुळाशी जाऊन भिडते, हेही त्या उत्साही मंडळींनी विसरता कामा नये.

तेव्हा निष्कर्ष काय? माझ्या मते पुनर्निर्मितीचे तीन प्रकार येथे दिसतात. पहिला, गमावलेला गुण परत आणणारा. १९८१ ची ठिपक्यांची गिटार ह्या प्रकारची, आणि हा खरा जीर्णोद्धार. दुसरा, जुना प्रश्न पुढे नेणारा. लुसिलची बुजविलेली छिद्रे ह्या प्रकारची. तिसरा, जुन्या वस्तूचे ओरखडे उतरवून घेणारा. ह्या तिसऱ्या प्रकारात पाप नाही. कोणाला त्यात आनंद होत असेल तर आपण का आड यावे? परंतु तो पहिल्या दोहोंच्या पंक्तीला बसविता येत नाही. ओरखडे ही वाजविणाऱ्याच्या आयुष्याची कमाई असते, ती विकत मिळते तेव्हा फक्त ओरखडे मिळतात, आयुष्य मिळत नाही.

एक गोष्ट मात्र ह्या साऱ्या उत्साहात मला फार आशादायक वाटते. १९५८ च्या त्या कारागिरांनी काही जुने उकरून काढले नव्हते. त्यांनी समोरच्या अडचणीला नवे उत्तर दिले, आणि ते इतके चोख होते, की त्यांच्या स्वतःच्या कंपनीला त्याचा विसर पडला तेव्हा शेकडो अनोळखी वादकांनी ते ध्यानात ठेवले. चांगल्या कामाला असे राखणदार मिळतात. देवळाचा जीर्णोद्धार असो, वाड्याचा असो की वाद्याचा, हाती घेण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे : ही वस्तू ज्याने प्रथम केली, त्याच्यापुढे अडचण कोणती होती? ती अडचण समजली, तर जुने रूप राखतानाही आपले हात चुकणार नाहीत आणि बदलतानाही कापणार नाहीत.